शनिवारी संध्याकाळी पट मांडायचा असेल तर

बोर्ड गेमची संध्याकाळ फसते ती बहुधा पहिला फासा पडण्याआधीच. साडेसातला मंडळी जमतात. आठला कुणीतरी नवाकोरा डबा फोडतो, पुठ्ठ्यातून तुकडे सोडवत बसतो आणि मग नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचायला घेतो. चौथ्या पानापर्यंत दोघं फोनमध्ये गेलेली असतात. साडेनऊला डाव सुरू होतो आणि अकराला ‘चला, उद्या लवकर उठायचंय’ म्हणत अर्धवटच गुंडाळला जातो. यात खेळाचा दोष नसतो, मित्रांचाही नसतो. यजमानाने आदल्या दिवशी जो तासभर द्यायला हवा होता, तो दिलेला नसतो.

तो तास कशावर घालवायचा, ते इथे सांगितलं आहे. गृहीत धरलं आहे ते असं: चार ते पाच मित्र, त्यांतले बरेचसे रमी, कॅरम आणि ल्यूडो यांच्यापलीकडे न गेलेले, वेळ साडेसात ते अकरा, मुख्य खेळ कटान (माल जमवून बेटावर रस्ते आणि वस्त्या बांधण्याचा बोर्ड गेम).

आधी डोकी मोजा

खेळ निवडताना ‘कोणता चांगला’ हा प्रश्न नंतरचा. किती जण नक्की येणार, हे आधी. कटान तीन किंवा चार जणांचा खेळ आहे. दोघांत तो नीट रंगत नाही, कारण त्याचा जीव देवाणघेवाणीत आहे आणि दोघांच्या बाजारात भाव ठरत नाही. पाच-सहा जणांसाठी वेगळा जोडसंच मिळतो, पण नवख्यांच्या पहिल्या रात्री तो काढू नका. पाळी फिरून येईपर्यंत लोक स्वयंपाकघरात जाऊन गप्पा मारू लागतात.

पाच जण असतील तर टिकेट टू राइड, नकाशावर रेल्वेमार्ग घेण्याचा खेळ. सहा-सात असतील तर सेव्हन वंडर्स: त्यात सगळे एकाच वेळी पत्ता निवडतात, म्हणून सात जण असले तरी डाव फारसा लांबत नाही. मात्र त्यातली चित्रचिन्हं नवख्याला पहिल्या डावात काही केल्या कळत नाहीत, तेव्हा टेबलाच्या दोन्ही टोकांना एकेक जाणकार हवा. आठ जण झाले तर दोन टेबलं करा.

खरी अडचण ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हणणाऱ्या मित्राची. त्याच्यासाठी टिकेट टू राइड हाताशी ठेवा. तो दोन ते पाच जणांत चालतो, त्यामुळे हा मित्र आला काय नि न आला काय, डाव अडत नाही.

सगळे वेळेवर येत नाहीतच. म्हणून आधी अर्ध्या तासाचा एक खेळ लावा. त्यासाठी स्प्लेंडर उत्तम (मोटारसायकल नव्हे, मार्क आंद्रेचा २०१४ चा रत्नांचा खेळ). दोन ते चार जणांचा आहे. पत्त्यांवर वाचायला मजकूर नाही, फक्त रंग आणि आकडे. आपल्या पाळीला एकच गोष्ट करायची: तीन वेगवेगळ्या रंगांची रत्नं उचला, किंवा एकाच रंगाची दोन उचला, किंवा एक पत्ता विकत घ्या, किंवा एक पत्ता राखून ठेवून सोन्याची चकती घ्या. घेतलेला पत्ता पुढच्या प्रत्येक खरेदीत कायमची सूट देतो. सगळी गंमत तिथेच आहे. १५ गुण झाले की ती फेरी पुरी करून डाव संपतो.

स्प्लेंडर मांडताना हमखास होणारी चूक म्हणजे चकत्या कमी न करणं. चौघं असतील तर प्रत्येक रंगाच्या सातही चकत्या ठेवायच्या, तिघं असतील तर पाच, दोघं असतील तर चार. सोन्याच्या पाच नेहमीच राहतात. तिघांत सात-सात ठेवल्या तर रत्नांची टंचाईच होत नाही आणि खेळ नुसता पत्ते गोळा करण्याचा होऊन बसतो. सरदारांच्या फरशा (ठरावीक पत्ते जमवणाऱ्याला जादा गुण देणाऱ्या) भिडूंच्या संख्येपेक्षा एक जास्त. एकाच रंगाच्या दोन चकत्या उचलायच्या तर त्या ढिगात निदान चार असल्या पाहिजेत. हातात दहापेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. एवढं सांगितलं की तीन मिनिटांत सुरुवात.

पंखा, चिवडा आणि टेबल

परदेशी नियमपुस्तकांत छताच्या पंख्याचा उल्लेख नसतो. आपल्याकडे तोच पहिला शत्रू. पंखा बरोबर डोक्यावर असेल तर टेबल दोन हात बाजूला सरकवा किंवा वेग एक-दोनवर आणा. मे महिन्यात तेही जमत नसेल तर टेबलफॅन खाली ठेवून पायांच्या दिशेने फिरवा. पत्त्यांच्या गठ्ठ्यांवर एकेक छोटी वाटी ठेवली की काम भागतं.

कटानचा पूर्ण मांडलेला पट साधारण अर्धा मीटर रुंद होतो, शिवाय प्रत्येकासमोर वीतभर जागा लागते. चौघांचं जेवणाचं टेबल पुरतं. गादीवर किंवा पलंगावर मांडू नका. कुणी कूस बदलली की रस्ते समुद्रात. जमिनीवर बसायचं असेल तर सतरंजीच्या सुरकुत्यांपेक्षा मोठा कॅरम बोर्ड बरा. खेळण्याचा भाग ७४ सेंटिमीटरचा असलेल्या बोर्डात कटान मधोमध बसतो, कोपऱ्यांत पत्त्यांचे गठ्ठे मावतात आणि कडेच्या लाकडामुळे फासे बाहेर उडत नाहीत. आधी पावडर ओल्या फडक्याने नीट पुसा आणि वर एक सुती चादरीचा तुकडा ताणून घाला, नाहीतर षटकोनी फरशा सोंगट्यांसारख्या सरकत राहतील. टेबलावर खेळत असाल तर फासे टाकायला एक ताट ठेवा. आत रुमाल अंथरला की खणखणाट नाही. ताटाबाहेर पडलेला फासा पुन्हा टाकायचा, हे सुरुवातीलाच जाहीर करा.

खाण्याचं तत्त्व एकच: ज्या हाताने खायचं, त्या हाताला काही लागता कामा नये. चिवडा, भजी, वेफर्स बाद. चिवड्याचं तेल पत्त्याच्या कडेला लागलं की तो पत्ता पाठीमागूनही ओळखू येऊ लागतो, आणि मग कटानमधला लुटारू (दुसऱ्याचा पत्ता पळवणारी सोंगटी) आंधळेपणाने पत्ता ओढतोय असं कुणी म्हणू शकत नाही. ढोकळ्याचे तुकडे, काकडी, चीज, अननस यांना टूथपिक टोचून ठेवा. शेंगदाणे चालतात, पण सोललेले. फोलपटं पंख्याने पटावर येतात. पावभाजी, मिसळ असलं काही करायचं असेल तर दोन खेळांच्या मध्ये टेबल रिकामं करून, हात धुऊन. चहा-सरबताचे पेले वेगळ्या तिपाईवर. बर्फाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो आणि त्या ओल्या वर्तुळावर ठेवलेली पुठ्ठ्याची फरशी फुगते ती कायमची.

आदल्या रात्रीचा तास

कटान जर्मनीत १९९५ साली आला. तो रचणारे क्लाऊस टॉयबर तेव्हा दातांची प्रयोगशाळा चालवत होते. नवख्यांसाठी आजही तोच निवडावा याला दोन कारणं आहेत. दुसऱ्याने फासे टाकले तरी तुम्हाला माल मिळू शकतो, म्हणजे पाळी नसतानाही लक्ष लागतं. आणि मध्येच कुणी बाद होत नाही. रात्री साडेनऊला बाद होऊन सोफ्यावर बसलेला मित्र पुढच्या वेळी येत नाही.

डबा आधी फोडून सगळं मोजून घ्या. जमिनीच्या फरशा १९: जंगल ४, कुरण ४, शेत ४, विटांच्या टेकड्या ३, डोंगर ३, वाळवंट १. आकड्यांच्या चकत्या १८. मालाचे पत्ते पाच प्रकारचे, प्रत्येकी १९. विकासपत्ते २५, त्यांत १४ शिलेदार (लुटारूला हलवणारे पत्ते). प्रत्येक रंगाच्या वस्त्या ५, शहरं ४, रस्ते १५, म्हणजे एका रंगाचे २४ नग. ही संख्या लक्षात ठेवा, आवरताना लागेल.

तुकडे ठेवायला मिसळणाचा डबा नेमका बेताचा आहे. सात वाट्या: चार भिडूंचे चार रंग, पाचवीत आकड्यांच्या चकत्या, सहावीत फासे आणि लुटारू, सातवी मोकळी. फक्त हळदीची वाटी आधी साबणाने घासा. पांढरे रस्ते पिवळे झालेले चांगले दिसत नाहीत.

पहिल्या डावासाठी फरशा पिसून मांडू नका. नियमपुस्तकात नवख्यांसाठी एक ठरावीक मांडणी चित्रासकट दिलेली असते, सुरुवातीच्या वस्त्यांसह. ती तशीच मांडा. पहिली जागा चुकली तर उरलेला दीड तास हात चोळत बसावं लागतं, आणि नवख्याला चांगली जागा ओळखता येत नाही. दुसऱ्या डावापासून फरशा पिसा.

मग दोन रंग घेऊन एकट्याने दोन्ही बाजूंनी तीन-चार फेऱ्या खेळा. ‘आता काय करायचं?’ असा प्रश्न जिथे तुम्हाला पडतो, तिथेच उद्या चौघांना पडणार. उत्तर आजच शोधून त्या पानाला कागदाची खूण घाला.

विकासपत्त्यांवर इंग्रजी मजकूर असतो. घरातले आजी-आजोबा किंवा लहान मूल खेळणार असेल तर एका कागदावर मराठीत पाच ओळी लिहून टेबलावर ठेवा. दर वेळी हळूच ‘हे काय आहे?’ विचारायला लागलं की त्यांचा पत्ता सगळ्यांना कळतो.

नियम सांगायचे ते असे

दहा मिनिटांत, पुस्तक न उघडता, आणि जिंकण्यापासून मागे येत. बहुतेक जण फाशांपासून सुरुवात करतात, म्हणून ऐकणाऱ्याला हे सगळं कशासाठी चाललंय तेच कळत नाही. बोलायचं साधारण असं:

‘आधी दहा गुण करील तो जिंकला. वस्तीचा एक, शहराचे दोन. वस्ती बांधायला माल लागतो आणि माल जमिनीतून येतो. पाळी आली की तीन कामं: फासे टाक, देवाणघेवाण कर, बांध. फाशांवर आठ आले तर आठ आकड्याच्या जमिनीला लागून ज्यांच्या वस्त्या आहेत त्या सगळ्यांना तिथला माल, मग पाळी कुणाचीही असो.’

इथे थांबून एकदा फासे टाकून दाखवा. समजा नऊ आले, नऊच्या शेतावर निळ्याची वस्ती आहे, तर निळ्याच्या हातात गव्हाचा पत्ता द्या. हे डोळ्यांनी पाहिलं की निम्मा खेळ कळला.

नंतर किमतींचा पत्ता. रस्त्याला एक लाकूड, एक वीट. वस्तीला लाकूड, वीट, लोकर, गहू, प्रत्येकी एक. वस्तीचं शहर करायला तीन खनिज, दोन गहू. विकासपत्त्याला खनिज, लोकर, गहू. पाठ करायला लावू नका, पत्ता समोरच असतो. वस्ती कुठे बांधता येते ते बोटाने दाखवा: आपल्या रस्त्याच्या टोकाला, आणि कुणाच्याही वस्तीपासून निदान दोन कडा दूर. शेजारच्याच कोपऱ्यावर वस्ती बांधायचा प्रयत्न पहिल्या डावात कुणीतरी करतोच.

मग सात. सात आले की कुणालाच माल नाही. ज्यांच्या हातात आठ किंवा जास्त पत्ते आहेत ते निम्मे टाकतात. नऊ असतील तर चार टाकायचे, पाच नव्हेत. त्यानंतर फासे टाकणारा लुटारूला दुसऱ्या फरशीवर नेतो आणि त्या फरशीला लागून असलेल्या एका भिडूचा एक पत्ता न बघता ओढतो. लुटारू बसलेला असेतो त्या जमिनीतून काही निघत नाही.

इथे थांबा. सर्वांत लांब रस्ता (किमान पाच सलग, दोन गुण), सर्वांत मोठं सैन्य (तीन शिलेदार, दोन गुण) ही दोन कार्डं नुसती दाखवून बाजूला ठेवा. बंदरं कुणी समुद्राकडे निघाला की सांगा, विकासपत्ते कुणी पहिला घेतला की. दहा मिनिटांच्या वर बोललात तर पुढचं कुणाच्या डोक्यात शिरत नाही.

कोपरा कसा निवडायचा

दुसऱ्या डावात हा भाग उघडा करून सांगा, नाहीतर जाणकार दर वेळी जिंकत राहतो आणि बाकीचे ‘फासेच तसे पडतात’ म्हणतात. दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. सात ६ जोड्यांनी येतो, सहा आणि आठ प्रत्येकी ५, पाच आणि नऊ ४, चार आणि दहा ३, तीन आणि अकरा २, दोन आणि बारा १. चकतीवरच्या आकड्याखाली ठिपके असतात ते हेच. कोपऱ्याला लागलेल्या तिन्ही चकत्यांचे ठिपके मिळवायचे.

सहा, नऊ आणि चार असा कोपरा घेतला तर ५ + ४ + ३ = १२ ठिपके. ३६ पैकी १२, म्हणजे तीनदा फासे पडले की सरासरी एकदा माल. चौघांच्या एका फेरीत फासे चारदा पडतात, तेव्हा या कोपऱ्याला एका फेरीत काहीतरी मिळण्याची शक्यता ८० टक्के. दोन, तीन आणि अकराचा कोपरा म्हणजे पाचच ठिपके. तिथे ती ४५ टक्क्यांवर येते. दहाच्या खाली ठिपके असलेला कोपरा सुरुवातीला घ्यायचा तर त्याला दुसरं भक्कम कारण हवं, उदाहरणार्थ नेमक्या मालाचं बंदर.

पण ठिपके मोजून थांबू नका. विटा आणि खनिजाच्या फरशा तीन-तीनच आहेत, बाकीच्या चार-चार. सुरुवातीला लाकूड आणि वीट लागते, कारण रस्ते आणि वस्त्या. मध्यापासून गहू आणि खनिज, कारण शहरं. दोन्ही वस्त्या मिळून पाचपैकी निदान चार प्रकारचा माल मिळेल असं पाहा. आणि दोन्ही वस्त्या एकाच आकड्यावर टाकू नका. आठवर दुप्पट माल मिळतो खरा, पण लुटारूही सगळे तिथेच आणून बसवतात.

वस्त्या ठेवण्याचा क्रम जाऊन-येऊन असतो: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, मग चौथ्याचीच दुसरी वस्ती, आणि उलटं पहिल्यापर्यंत. सुरुवातीचा माल फक्त दुसऱ्या वस्तीचा मिळतो. दोन्ही वस्त्यांचा माल वाटून टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक असेल.

डाव चालू असताना वाद होतात ते इथे

देवाणघेवाण फक्त ज्याची पाळी आहे त्याच्याशीच. बाकीच्या दोघांनी आपसात सौदा करायचा नाही. ‘वीट आहे का कुणाकडे? दोन लोकर देतो’ ही हाक पाळीवाल्याने द्यायची, उत्तर कुणीही द्यावं. फुकट पत्ता देता येत नाही, मित्राला काय, बायकोलासुद्धा नाही. जोडपी खेळायला बसली की हा नियम आधीच सांगून ठेवणं बरं. बँकेशी चारास एक, साध्या बंदरावर तीनास एक, खास बंदरावर त्या मालाचे दोन देऊन एक.

घेतलेला विकासपत्ता त्याच पाळीत वापरता येत नाही, आणि एका पाळीत एकच वापरता येतो. गुणांचे पत्ते याला अपवाद: दहा भरत असतील तर ते एकदम उघडायचे. शिलेदार फासे टाकण्याआधीही काढता येतो, पण तो काढल्यावर कुणी निम्मे पत्ते टाकत नाही. ते फक्त साताला. दुसऱ्याने तुमच्या रस्त्याच्या मध्ये वस्ती बांधली तर रस्ता तिथे तुटला असं धरून लांबी मोजायची. लांबी बरोबरीत आली तर कार्ड आधीच्याकडेच राहतं. आणि दहा गुण दुसऱ्याच्या पाळीत झाले तर आपली पाळी येईपर्यंत गप्प बसायचं. जिंकता येतं ते स्वतःच्याच पाळीत.

वाद झालाच तर दोन मिनिटं पुस्तकात शोधा. सापडलं नाही तर यजमान सांगेल ते या डावापुरतं खरं, पान उद्या शोधू. रडीचा डाव खडी खेळणारा एखादा असतोच. त्यालाही हे आधी सांगितलेलं असलं की सोपं जातं.

नवख्यांसाठी कच्च्या लिंबाची एक सवलत चांगली चालते: दोनच गुणांवर असलेल्याला लुटायचं नाही. पाठोपाठ तीन साती पडून ज्याला अजून वस्तीही बांधता आलेली नाही, त्याच्यावर पुन्हा लुटारू बसवण्यात कुणाला मजा येत नाही. ही सवलत सुरुवातीलाच जाहीर करा. मध्यावर आणलेली सवलत म्हणजे पक्षपात.

उशीर झाला असेल तर दहाऐवजी आठ गुणांवर डाव संपवा, तेही आधी ठरवून. चौघं नवखे असतील तर समजावण्यासकट दोन तास सहज लागतात. साडेआठनंतर मांडत असाल तर आठच गुण ठेवा.

माणसांचं म्हणाल तर दोन प्रकार सांभाळावे लागतात. एक, पाळी आल्यावर विचार सुरू करणारा. त्याला घाई करू नका, त्याच्या आधीच्या भिडूची पाळी चालू असतानाच ‘तुझ्याकडे आता काय बांधण्याजोगं आहे?’ असं विचारा. फासे पुढच्या भिडूच्या हातात आधीच देऊन ठेवण्यानेही फरक पडतो. दुसरा, सगळ्यांच्या चाली सांगणारा. बहुतेक वेळा तो जाणकारच असतो, म्हणजे कदाचित तुम्हीच. विचारल्याशिवाय सांगू नका आणि विचारलं तर दोन पर्याय सांगा, एक नाही. याच कारणाने पँडेमिकसारखा सगळ्यांनी मिळून खेळायचा खेळ पहिल्या रात्री टाळलेला बरा. एक जण सेनापती होतो आणि तिघं हुकूम ऐकत तुकडे सरकवतात.

पाचवा आला तर

टिकेट टू राइड ॲलन मून यांचा, २००४ चा. मूळ डबा उत्तर अमेरिकेच्या नकाशाचा. प्रत्येकाला आगगाडीचे ४५ डबे, चार रंगीत पत्ते आणि तीन तिकिटं (कोणती दोन शहरं जोडायची ते सांगणारी). त्यांतली निदान दोन ठेवायची. पाळीला एकच काम: दोन पत्ते उचला, किंवा मार्ग घ्या, किंवा नवी तिकिटं काढा. उघड्या पाचातलं इंजिन (कोणत्याही रंगाच्या जागी चालणारा पत्ता) उचललं तर तो एकच पत्ता मिळतो, हे विसरलं जातं. पाचात तीन इंजिनं उघडी झाली तर पाचही बाजूला टाकून नवे पाच मांडायचे.

नवखे छोटे मार्ग घेत सुटतात. त्यांना गुणांचा तक्ता दाखवा: एका डब्याच्या मार्गाला १ गुण, दोनाला २, तिनाला ४, चाराला ७, पाचाला १०, सहाला १५. सहा डबे सहा तुकड्यांत घातले तर सहा गुण, एका मार्गात घातले तर पंधरा. मात्र लांब मार्गासाठी पत्ते साठवत बसलेल्याचा अरुंद जागेचा एखादा छोटा मार्ग दुसरा पटकावतो, आणि अपुऱ्या तिकिटाचे गुण शेवटी वजा होतात. कुणाकडे दोन किंवा कमी डबे उरले की त्याच्यासकट सगळ्यांना एकेक पाळी मिळते आणि डाव संपतो. जोडमार्ग, म्हणजे त्याच दोन शहरांमधले शेजारी-शेजारी दोन मार्ग, दोघं-तिघं खेळत असतील तर त्यांतला एकच वापरायचा. हा नियम सुटला की तिघांच्या डावात कुणी कुणाच्या वाटेतच येत नाही.

भारताचा नकाशाही आहे, १९११ च्या काळातला, २०११ साली स्वित्झर्लंडच्या नकाशासोबत आलेला. तो दोन ते चार जणांचा आहे, आणि डबे व पत्ते मूळ संचातलेच वापरावे लागतात. नुसता नकाशा विकत आणून बसलात तर खेळता येणार नाही.

गुण मोजणं एकाकडेच द्या, पटाच्या कडेची सोंगटी तोच हलवील. शेवटी सगळे मार्ग कागदावर पुन्हा मोजा, कारण मध्ये कुठेतरी सोंगटी सरकलेली असते.

आवरताना

पाहुणे चपला घालायच्या आत प्रत्येकाला आपला रंग मोजून वाटीत टाकायला सांगा. चोवीस भरले की झालं. एखादा रस्ता सापडत नसेल तर आधी सतरंजीची घडी, मग सोफ्याची फट, मग ज्याच्या मांडीवर मांजर बसलं होतं त्याचा सदरा. नाहीच मिळाला तर आगकाडीचा रस्त्याएवढा तुकडा रंगवून घ्या, दोन डावांनंतर फरक कळत नाही.

पावसाळ्यात पत्ते दमट होऊन वाकतात आणि पिसताना चिकटतात. प्लॅस्टिकची पाकिटं घालणार असाल तर कटानचे पत्ते ५४ × ८० मिलिमीटरचे आहेत. मालाचे ९५ आणि विकासाचे २५ मिळून १२० पाकिटं लागतील. स्प्लेंडरच्या ९० पत्त्यांना ६३ × ८८ ची. ती कटानला घातली तर पत्ते आत लुळे पडतात. पाकिटं घातल्यावर गठ्ठा जाड होतो आणि डब्यातल्या मूळ खाचेत मावत नाही, तेव्हा रबरबँड न लावता झिपच्या पिशवीत ठेवा. रबर कडा कापतं. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाकून न देता एकेक डब्यात सरकवा, आणि डबे आडवेच ठेवा. उभा ठेवलेला डबा पुढच्या शनिवारी उघडाल तेव्हा अठरा चकत्या चार रंगांत मिसळलेल्या असतील आणि पहिली पंधरा मिनिटं त्या वेचण्यात जातील.